मुलीचे गुपित, मुलाचा गुन्हा

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या रहस्यकथा आणि थरारकथा यांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पहिले पत्र बरेच मोठे असल्यामुळे त्यातील मुख्य भागच येथे दिला आहे.

प्रश्न : मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात इंग्रजी साहित्य हा विषय घेऊन शिकते. अंतर्गत मूल्यमापनासाठी वर्गात निबंध वाचावा लागतो. मी इंग्रजीतील कुमारवयीनांच्या थरारकथा हा विषय घेतला, कारण नववीपासून मी याच पुस्तकांवर वाढले आहे. कॅरन मॅकमॅनस यांची ‘वन ऑफ अस इज लायिंग’ आणि हॉली जॅक्सन यांची ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ ही पुस्तके मी पुन्हा वाचली आणि जोडीला ‘हॅलोविन’ व ‘स्क्रीम’ हे चित्रपट पाहिले. माझे म्हणणे असे की, या कथांत मुलींना एक न्याय आणि मुलांना दुसरा न्याय लावला जातो. अमली पदार्थ विकणारा मुलगा नायक ठरतो आणि प्रियकराशी प्रतारणा करणारी मुलगी साऱ्या शाळेच्या तिरस्काराचा विषय होते. भयपटांत तर फक्त ‘वाया गेलेल्या’ मुली मरतात आणि सुशील मुलगी वाचते. निबंध वाचून झाल्यावर वर्गातील मुलांनी आक्षेप घेतला की, पुस्तके स्त्रियांनी लिहिलेली आहेत, गुन्ह्याचा छडा लावणारीही मुलगीच आहे, मग दुजाभाव आला कुठून? आमच्या प्राध्यापकांचे मत असे पडले की, लेखिका समाज जसा आहे तसा दाखवते आणि दाखवणे म्हणजे मान्य करणे नव्हे. मी या पुस्तकांत नसलेलेच काही शोधत आहे का? आणि लेखिका दुजाभाव दाखवत आहे की स्वतःच करत आहे, हे वाचकाने ओळखावे कसे?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपल्यासमोर आलेले दोन आक्षेप एकाच वजनाचे नाहीत. आपल्या वर्गमित्रांचा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो फार काळ टिकत नाही. प्राध्यापकांचा आक्षेप मात्र खरोखरच विचार करायला लावणारा आहे आणि आपल्या निबंधातील कच्चे दुवे त्यामुळेच उघडे पडतात.

पहिल्या आक्षेपाचा निकाल आधी लावू. शोध लावणारी व्यक्ती मुलगी आहे, एवढ्यावरून कथा मुलींच्या बाजूची ठरत नाही, कारण मुलगी हेर होऊन आता शंभर वर्षे होत आली. अमेरिकेत एडवर्ड स्ट्रेटमेयर यांच्या लेखनसंस्थेने १९२७ मध्ये हार्डी बंधूंची मालिका सुरू केली आणि तिच्या यशानंतर १९३० मध्ये मुलींसाठी नॅन्सी ड्रू आणली. मुखपृष्ठावर कॅरोलिन कीन हे टोपणनाव असले, तरी पहिल्या ३० पुस्तकांपैकी २३ पुस्तके मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांनी लिहिली. त्यांची नॅन्सी सोळा वर्षांची होती, स्वतःची मोटार स्वतः हाकणारी होती आणि मोठ्यांना तोंडावर सुनावणारी होती. पुढे १९५९ पासून या जुन्या पुस्तकांचे पुनर्लेखन सुरू झाले. जुन्या आवृत्त्यांतील वर्णद्वेषी चित्रणे काढणे हा त्यामागील एक हेतू होता आणि तो योग्यच होता, पण त्याच कात्रीने नॅन्सीचा तडफदारपणाही छाटला गेला. ती अठरा वर्षांची झाली, अधिक अदबशीर झाली आणि पूर्वीसारखी उसळून बोलेनाशी झाली. हे पुनर्लेखन ज्यांच्या देखरेखीखाली झाले त्या हॅरिएट अ‍ॅडम्स, म्हणजे स्ट्रेटमेयर यांची कन्या, याही स्त्रीच होत्या. तेव्हा लेखणी स्त्रीच्या हाती आणि भिंग मुलीच्या हाती असल्याने प्रश्न सुटत नाही. त्या मुलीला भिंग कोणत्या अटींवर दिले आहे, हे पाहावे लागते. आमच्या लहानपणी मराठीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता आणि त्याने वाटेल तिथे नाक खुपसले तरी त्याच्याकडून सुशीलपणाचा दाखला कोणी मागितला नाही. त्याची सायकल आणि त्याचे ‘टॉक्’ एवढे भांडवल त्याला पुरत असे.

आता प्राध्यापकांच्या मुद्द्याकडे वळू. ‘वन ऑफ अस इज लायिंग’ हे पुस्तक २०१७ चे. पाच विद्यार्थी शिक्षा म्हणून शाळा सुटल्यावर वर्गात बसवले जातात आणि त्यांच्यापैकी सायमन, जो शाळेतील कुचाळक्यांचे अ‍ॅप चालवतो, शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीने मरण पावतो. उरलेल्या चौघांची गुपिते तो दुसऱ्याच दिवशी फोडणार होता, म्हणून चौघेही संशयित ठरतात. ब्रॉन्विनने रसायनशास्त्राच्या परीक्षेत लबाडी केलेली असते. नेट हा अमली पदार्थांच्याच प्रकरणात परिवीक्षेवर सुटलेला असूनही तेच पदार्थ विकत असतो. बेसबॉलपटू कूपरच्या नावावर उत्तेजके घेतल्याचा आरोप असतो. आणि अ‍ॅडी हिने आपला प्रियकर जेक याला अंधारात ठेवून टीजे नावाच्या मुलाशी एकदा संबंध ठेवलेला असतो.

ही चार गुपिते शेजारी शेजारी मांडली की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. पहिली तीन कोणत्या ना कोणत्या नियमाचा भंग आहेत. तो नियम परीक्षेचा असेल, कायद्याचा असेल किंवा खेळाचा असेल. चौथ्यात असा कोणताही नियम मोडलेला नाही. अ‍ॅडीने दुखावले ते एका माणसाला, आणि तो प्रश्न त्या दोघांमधला आहे. तरीही तिचे गुपित फुटल्यावर शाळा तिला जे भोगायला लावते, ते इतरांच्या वाट्याला तसे येत नाही. इथे आपले एक विधान दुरुस्त करावे लागेल. नेट मोकळा सुटतो असे आपण सुचवता, पण पोलिसांचा सर्वांत मोठा संशय त्याच्यावरच येतो आणि त्याला अटकही होते. गरीब घरातला, बाप दारुडा, आधीच नाव बदनाम झालेला मुलगा यंत्रणेला किती सोयीचा असतो, हे लेखिकेने नीट दाखवले आहे. फरक शिक्षेच्या प्रमाणात नसून न्यायासनावर कोण बसले आहे यात आहे. नेटच्या बाबतीत पोलीस येतात, पुरावे लागतात, वकील उभा राहतो आणि आरोप खोटा ठरला की त्याला सोडावेही लागते. अ‍ॅडीचा खटला मात्र शाळेच्या भोजनगृहात चालतो. तिथे पुरावा कोणी मागत नाही, शिक्षेला मुदत नसते आणि अपिलाची तर बातच नको. आपल्या निबंधाचा खरा गाभा मला इथे दिसतो: मुलाचे कृत्य हा गुन्हा ठरतो आणि मुलीचे कृत्य हे तिचे चारित्र्य ठरते. गुन्ह्याची शिक्षा भोगून संपते, चारित्र्यावरचा डाग मात्र गावाला हवा तोपर्यंत राहतो.

इतके असूनही, लेखिका हे मान्य करते का? माझ्या मते करत नाही, आणि त्याचा पुरावा पुस्तकातच आहे. कथा चौघांच्या तोंडून आळीपाळीने सांगितलेली आहे आणि त्या चौघांत सर्वांत मोठा पल्ला अ‍ॅडीच गाठते. ती लहानपणी सौंदर्यस्पर्धांत उतरवलेली, रूपावर मोजली गेलेली मुलगी आहे. तिने काय घालावे आणि कोणाशी बोलावे हे जेक ठरवत असतो आणि तिला ते प्रेम वाटत असते. जेकला आवडणारे आपले लांब केस ती कापून टाकते, हा प्रसंग पुन्हा वाचा. कोणी भाषण करत नाही, पण त्या क्षणापासून ती दुसऱ्याच्या पसंतीसाठी जगणे सोडते. तिला पश्चात्ताप होतो तो खोटे बोलल्याचा. आपण ‘तसल्या’ मुलीत जमा झालो याचा नव्हे. या दोन पश्चात्तापांतला भेद लेखिकेने राखला आहे आणि तो राखणे हेच तिचे मत आहे.

तरीही माझी एक तक्रार उरतेच, आणि ती आपण निबंधात मांडायला हरकत नाही. त्या प्रकरणात अ‍ॅडी एकटी नव्हती. टीजेही होता आणि तो तर जेकचा मित्र. पण पुस्तकात त्याची जागा किती? शरमेचा सगळा हिशेब अ‍ॅडीच्या पानांवर मांडला जातो. टीजेला स्वतःची पाने नाहीत, त्यामुळे त्याला शरम वाटली की नाही हे आपल्याला कळण्याचा प्रश्नच येत नाही. शाळा अ‍ॅडीशी जशी वागते तशी कथा वागत नाही हे खरे, पण कोणाचे मन उलगडून दाखवण्याजोगे आहे हे ठरवताना कथाही शाळेच्याच सवयीने चालते. नेटच्या बाबतीतही असेच काहीसे घडते. त्याचा बदनाम भूतकाळ ब्रॉन्विनच्या आणि वाचकाच्या नजरेत त्याचे आकर्षण वाढवतो. अ‍ॅडीचा भूतकाळ तिचे आकर्षण वाढवतो असे कोणी म्हणणार नाही.

कूपरचे उदाहरण आपण निबंधात घेतलेले दिसत नाही, ते अवश्य घ्या. त्याच्यावरील उत्तेजकांचा आरोप हे मुळात पांघरूण असते. सायमनने त्याच्याविषयी प्रथम लिहिलेली नोंद तो समलिंगी असल्याची असते. ती नोंद उघड होते तेव्हा कूपरही अ‍ॅडीच्याच भोजनगृहातील न्यायालयात ओढला जातो आणि खेळातील त्याचे भवितव्य डळमळते. म्हणजे मुलगासुद्धा ‘पुरुषासारखा’ न राहिल्याचा संशय आला की त्याच्या कृत्यावरून नजर हटते आणि त्याच्या शरीराची चौकशी सुरू होते. या एका पात्रामुळे आपला मुद्दा ‘मुली विरुद्ध मुले’ या सरधोपट मांडणीतून सुटतो आणि अधिक नेमका होतो.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे ओळखावे कसे याकडे. यासाठी हमखास लागू पडणारी कसोटी नाही, पण मी स्वतः वाचताना एक गोष्ट पाहते: कोणाचे खासगी आयुष्य पुरावा म्हणून वापरले जात आहे, आणि ते वापरल्याचे ओझे कथेला वाटते का? ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ (२०१९) या दृष्टीने फार बोलके पुस्तक आहे. लिटल किल्टन या इंग्लंडमधील छोट्या गावात अँडी बेल ही मुलगी पाच वर्षांपूर्वी नाहीशी झाली आणि खुनाचे खापर तिचा प्रियकर साल सिंग याच्यावर फुटले. तोही मेलेला सापडल्यामुळे प्रकरण मिटले. पिप ही शाळकरी मुलगी आपल्या शालेय प्रकल्पासाठी ते प्रकरण पुन्हा उघडते आणि सालचा भाऊ रवी तिच्या साथीला येतो. गावाने अँडीची मूर्ती केलेली असते: गोरी, देखणी, सर्वांची लाडकी. साल भारतीय वंशाच्या घरातला, म्हणून त्याला खुनी मानणे गावाला जड गेले नाही आणि त्याच्या घराला वाळीत टाकणेही जड गेले नाही. पिप जसजशी खोल जाते तसतशी अँडीची मूर्ती भंगत जाते. ती अमली पदार्थ विकत होती, इतर मुलींचा छळ करत होती, लोकांची गुपिते हाताशी धरून त्यांना नाचवत होती.

रहस्यकथेच्या यंत्रणेतच एक अडचण आहे, आणि ती सर्व भाषांतल्या रहस्यकथांना लागू पडते. मेलेल्या मुलीचा फोन, तिची रोजनिशी, तिचे कपडे, तिचे संबंध हे सारे टेबलावर मांडल्याशिवाय तपास पुढे सरकत नाही आणि ती स्वतः उत्तर द्यायला नसते. जिवंतपणी जे विचारणे असभ्य ठरले असते ते मेल्यावर तपासाच्या नावाखाली खुशाल विचारले जाते. दुय्यम दर्जाच्या कथांत याचा शेवट ठरलेला असतो: मुलगी वाटली होती तशी नव्हती, तेव्हा झाले ते तिच्याच कर्माने झाले, अशी पुसट का होईना सूचना देऊन कथा मोकळी होते. जॅक्सन यांनी हा सापळा बराचसा टाळला आहे. अँडी वाईट वागत होती हे त्या लपवत नाहीत, पण ती तशी का झाली हेही त्या विचारतात आणि मुलींची किंमत त्यांच्या दिसण्यावर ठरवणाऱ्या तिच्या घरापर्यंत तो धागा नेतात. वाईट वागलेल्या मुलीलाही न्याय मिळायला हवा, हे पुस्तक गृहीत धरते. आपल्या प्राध्यापकांना हे उदाहरण आवडेल.

पिप मात्र अटीवरच हेर झालेली आहे, हे नाकारता येत नाही. गाव तिच्यासाठी दारे उघडते, कारण ती हुशार, नियमित अभ्यास करणारी, कोणाच्या डोळ्यांवर न येणारी मुलगी आहे. अँडीसारख्या मुलीने हेच प्रश्न विचारले असते तर किती जणांनी तिला घरात घेतले असते? लेखिकेला ही अट ठाऊक आहे असे मला वाटते, कारण पुढील दोन पुस्तकांत ती पिपचा हा चांगुलपणा पद्धतशीरपणे झिजवत नेते. दुसऱ्या पुस्तकात मॅक्स हेस्टिंग्ज या श्रीमंत घरातल्या मुलावर, पार्ट्यांमध्ये मुलींच्या पेयात गुंगीचे औषध मिसळून अत्याचार केल्याबद्दल खटला चालतो आणि तो निर्दोष सुटतो. तक्रार करणाऱ्या मुलींचे काय होते आणि चांगल्या घरातल्या मुलाच्या भवितव्याची काळजी कशी वाहिली जाते, हे वाचताना मला पुस्तक मिटून थोडा वेळ बसावे लागले. तिथून पुढे पिपचा न्यायव्यवस्थेवरचा विश्वास उडतो आणि मालिकेचा रंगच बदलतो. तिसऱ्या पुस्तकाचा शेवट इथे फोडत नाही, पण तो वाचल्याशिवाय आपला निबंध पूर्ण समजू नका.

भयपटांविषयीचे आपले विधान मात्र मागे घ्यावे लागेल. जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोविन’मध्ये (१९७८) मुलगेही मरतात. अमेरिकन अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मधील एका निबंधात आणि पुढे १९९२ च्या पुस्तकात या चित्रपटांची बारकाईने चिकित्सा केली आणि शेवटी एकट्या उरणाऱ्या सावध, संयमी मुलीला ‘फायनल गर्ल’ हे नाव दिले, जे आता सर्वांच्या तोंडी आहे. त्यांच्या निरीक्षणातला अधिक मोलाचा भाग मात्र सहसा कोणी उद्धृत करत नाही. मुलगे मरतात ते झटपट, पुष्कळदा दुरून किंवा अंधुक. मुलीच्या मरणावर कॅमेरा रेंगाळतो, जवळ जातो, तिची भीती सविस्तर टिपतो. कोण मेले याच्या याद्या करण्यापेक्षा कोणाच्या मरणाकडे किती वेळ पाहायला लावले हे मोजणे अधिक उद्बोधक आहे. आपण नीतिपाठ देत होतो हे कार्पेंटर यांनी नेहमी नाकारले आहे, आणि त्यांच्या हेतूविषयी त्यांचे म्हणणे मान्य करायला माझी हरकत नाही. कॅमेऱ्याची सवय हेतूशिवायही लागते.

‘स्क्रीम’ (१९९६) हा चित्रपट हे सगळे नियम पात्रांच्या तोंडूनच वदवतो आणि मोडतोही. नायिका सिडनी प्रियकराशी संबंध ठेवूनही वाचते. म्हणून तो मुक्त विचारांचा चित्रपट मानला जातो. पण खुन्याचा हेतू तपासून पाहा. तीस वर्षे होत आलेल्या चित्रपटाचे रहस्य सांगितल्याबद्दल वाचक क्षमा करतील. एक खुनी निघतो तो सिडनीचाच प्रियकर बिली. त्याच्या वडिलांचे सिडनीच्या आईशी संबंध होते, त्यामुळे बिलीची आई घर सोडून गेली; आणि या अपराधासाठी बिलीने ठार मारले ते सिडनीच्या आईला. बापाच्या केसालाही धक्का लागत नाही. गावातले लोकही त्या मेलेल्या बाईविषयी हलक्या आवाजात जे बोलतात त्यात बिलीच्या बापाचे नाव येत नाही. चित्रपट बिलीला वेडा ठरवतो हे बरोबरच, पण बाप का सुटला हा प्रश्न चित्रपटात कोणीच विचारत नाही, अगदी सिडनीही नाही. दाखवणे आणि मान्य करणे यांच्यामधला तो निसरडा प्रदेश पाहायचा असेल तर आपल्या निबंधात या एका प्रसंगाला दोन पाने द्या आणि त्यासाठी ‘हॅलोविन’ गाळावा लागला तरी चालेल.

प्रश्न : या महिन्यातील विषय मुलींवरील अन्यायाचाच असेल याची कल्पना आहे, तरीही लिहितो. मी बारावीत आहे आणि मला या मालिका पाहायला आवडतात. त्यांत मुलगा हा एक तर गुन्हेगार असतो, किंवा मुलीला वाचवणारा असतो. त्याच्यावर कधी अन्याय झाला तर तो विनोदाचा किंवा कौतुकाचा विषय होतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असे तर होत नाही ना?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिला एक चांगले उदाहरण उपलब्ध आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘रिव्हरडेल’ या अमेरिकन मालिकेत पहिल्याच भागात शाळकरी आर्चीचे त्याच्या संगीतशिक्षिकेशी संबंध असल्याचे दाखवले आहे. मालिका त्याकडे बराच काळ एक धोक्याचे, पण मोहक प्रेमप्रकरण म्हणून पाहते. शिक्षिका गाव सोडून जाते, आर्ची दुःखी होतो आणि कथा पुढे सरकते. त्या मुलाचा एका मोठ्या माणसाने गैरफायदा घेतला, हे त्याच्या पुढील आयुष्यात कुठे जाणवत नाही. हाच प्रसंग मुलीच्या बाबतीत असता तर मालिकेने तो असा हाताळला नसता, असे म्हणावेसे वाटते खरे, पण थांबा. ‘प्रिटी लिटल लायर्स’ या मालिकेत शाळकरी एरिया आणि तिचे इंग्रजीचे शिक्षक एझरा यांचे प्रकरण वर्षानुवर्षे प्रेमकथा म्हणून चालले आणि २०१७ मधील शेवटच्या भागात त्यांचे लग्नही लावण्यात आले. तेव्हा या बाबतीत मनोरंजनाचा धंदा दोघांनाही सारखेच नाडतो. फक्त मुलाला ‘नशीबवान’ म्हणतात आणि मुलीला ‘वयाच्या मानाने समजूतदार’ म्हणतात. दोन्ही शब्दांनी मोठ्या माणसाची जबाबदारी अलगद बाजूला ठेवली जाते.

आपल्याकडे कायदा या बाबतीत कथांच्या पुढे आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील कोणत्याही व्यक्तीला बालक मानतो, मग ती मुलगी असो वा मुलगा. आपल्या वयाच्या मुलाशी शिक्षकाने किंवा शिक्षिकेने असे वागणे हा गुन्हा आहे आणि तो ‘पटवले’ म्हणून मिरवण्याचा प्रसंग नाही, हे मित्रांच्या गप्पांत सांगताना कदाचित हसे होईल. कोल्हापूरच्या विद्यार्थिनीला वर उत्तर देताना कूपरविषयी जे लिहिले आहे तेही वाचा. मुलगा दुबळा ठरू शकतो हेच मान्य नसलेल्या ठिकाणी मुलीने दुबळेच असावे अशी अपेक्षा असते. आपली आणि त्या विद्यार्थिनीची तक्रार एकाच नोंदवहीत जाते. मात्र मुलगा नेहमी संशयित असतो या आपल्या मुद्द्यावर मी तितकीशी सहमत नाही. संशयिताला कथेत भरपूर जागा, संवाद आणि भूतकाळ मिळतो. मेलेल्या मुलीला बहुतेक वेळा एक छायाचित्र मिळते.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आणि मुलगी तेरा वर्षांची आहे. मुलगा वाचनालयातून अशी इंग्रजी पुस्तके आणतो आणि त्याला मी कधी अडवले नाही. आता मुलगीही तीच पुस्तके मागते आहे. सासूबाईंचे म्हणणे आहे की मुलीच्या हातात खुनाची आणि ‘नको त्या’ विषयांची पुस्तके देऊ नयेत. मलाही थोडी धास्ती वाटते. काय करावे?
— एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : आपल्या पत्रात दोन कारणे एकमेकांत मिसळली आहेत, ती वेगळी केली की निर्णय सोपा होईल. मुलगी तेरा वर्षांची आहे हे कारण खरे आहे. ती मुलगी आहे हे कारण नाही. आपला मुलगा तेरा वर्षांचा असताना आपण कोणता नियम लावला होता हे आठवा आणि तोच तिला लावा; त्या वेळी नियमच नव्हता असे आढळले, तर आता दोघांसाठी मिळून एक करा.

सासूबाईंना जी भीती वाटते ती ‘नको त्या’ विषयांची आहे आणि ती अनाठायी नाही. ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’मध्ये अमली पदार्थ आहेत, पार्ट्या आहेत आणि गुंगीचे औषध देऊन केलेल्या अत्याचाराचे उल्लेख आहेत. पण त्यातली वर्णने बीभत्स नाहीत आणि पार्टीत आपला पेला नजरेआड होऊ देऊ नये, हे तेरा-चौदाव्या वर्षी पुस्तकातून कळले तर बिघडते काय? उलट, हे पुस्तक पंधरा वर्षांच्या मुलाने वाचून त्यावर घरात चकार शब्द बोलला जात नसेल, तर मला त्याचीच काळजी अधिक वाटेल. दुसऱ्या पुस्तकात त्याच प्रकरणाचा खटला येतो आणि तिसरे पुस्तक पुष्कळ काळोखे आहे. त्यात हिंसा आहे, नायिकेला लागलेले गोळ्यांचे व्यसन आहे आणि सरळ उत्तर नसलेला नैतिक पेच आहे. ते तिने आणखी दोन-तीन वर्षांनी वाचलेले बरे. ‘वन ऑफ अस इज लायिंग’ त्या मानाने सौम्य आहे, तरी त्यात आत्महत्येचा विषय येतो, म्हणून आपण स्वतः आधी वाचून मग द्यावे हे उत्तम.

सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नसेल तर मुलीला रोज रात्री जेवण झाल्यावर त्यांना कथा मराठीत सांगायला लावा. खुनी कोण याचा अंदाज त्यांनाच आधी येण्याची शक्यता पुष्कळ आहे, आणि अ‍ॅडीला शाळेत एकटे पाडले जाते त्या प्रकरणावर त्या काय म्हणतात, हे आम्हाला अवश्य कळवा. पुढील अंकात त्यांचे मत छापायला आवडेल.